‘नुसतं’ कम्युनिटी कॉलेज

पत्र:

ताई, आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. मोठा मुलगा यंदा हायस्कूल संपवतोय. सहा वर्षांचा असताना इथे आला, आमचं ग्रीन कार्ड रांगेत असल्यामुळे तो अजून एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर आहे. यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) रिव्हरसाइडला प्रवेश मिळाला होता, पण कॉम्प्युटर सायन्सला नाही. १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो, तो त्याने कळवलाच नाही. म्हणाला, “मला काय शिकायचंय ते मलाच अजून पक्कं माहीत नाही. ते शोधायला वर्षाला चाळीस हजार डॉलर कशाला? मी ओलोनीला जातो.” ओलोनी म्हणजे इथलं दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज. त्याला दगडमातीचं वेड आहे, भूकंपाच्या भेगेमुळे वाकडे झालेले फुटपाथ शोधत फोटो काढत हिंडतो. ह्यांचं म्हणणं कॉम्प्युटरच कर. हे सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातून, रयतच्या शाळेत शिकून पुढे इंजिनिअर झाले. पंधरा दिवस मुलाशी बोललेले नाहीत. सासूबाई फोनवर रोज विचारतात, “कुठं लागला नंबर?” मी “ठरतंय अजून” म्हणते. मराठी मंडळातल्या सगळ्यांची मुलं बर्कली, यूसीएलए, पर्ड्यूला चाललीत, आणि आमचा नुसतं कम्युनिटी कॉलेजला. तिथे तर कोणीही जाऊ शकतं ना? नुसतं कम्युनिटी कॉलेज करून पुढे काही होतं का? आमचं कुठे चुकलं?

– एक आई, फ्रीमाँट

उत्तर:

एवढ्याशा पत्रात ‘नुसतं’ हा शब्द तुम्ही दोनदा लिहिलात. घरात तो किती वेळा उच्चारला गेला असेल, आणि मुलाने किती वेळा ऐकला असेल, याची मला काळजी वाटली. म्हणून आधी त्या शब्दाबद्दल बोलते, प्रवेशाबद्दल नंतर.

मी स्वतः अडतिसाव्या वर्षी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात हिशेबनिशीचे वर्ग केले आहेत. संध्याकाळी सहा ते नऊ. एका बाजूला दिवसभर नेल सलोनमध्ये उभी राहून आलेली व्हिएतनामी बाई बसायची, तिच्या बोटांना अ‍ॅसिटोनचा वास असायचा. दुसऱ्या बाजूला सैन्यातून परतलेला एक मुलगा. पुढच्या बाकावर अठरा वर्षांची चार पोरं, त्यातली दोन नंतर बर्कलीला गेली. आमच्या सरांनी पहिल्या आठवड्यात सगळ्या चाळीस जणांची नावं पाठ केली होती. माझं नाव त्यांनी नीट उच्चारायला शिकून घेतलं, तीन वेळा विचारून. एकदा ताळेबंद जुळत नव्हता, तर वर्ग संपल्यावर पार्किंगमधल्या दिव्याखाली उभं राहून त्यांनी मला चूक दाखवली. त्या आधी आठ वर्षं या देशात मी कुणाची तरी बायको आणि कुणाची तरी आई होते. त्या वर्गात मी विद्यार्थिनी झाले. त्यामुळे या विषयावर मी तटस्थपणे लिहू शकत नाही, आणि लिहिणारही नाही.

तुम्ही विचारता, तिथे कोणीही जाऊ शकतं ना? हो, कोणीही जाऊ शकतं. ते मुद्दाम तसं केलेलं आहे. १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएट या गावात हायस्कूलचे मुख्याध्यापक आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी मिळून एक प्रयोग केला. ज्या मुलांना घर सोडून विद्यापीठात जाणं परवडत नाही, त्यांना विद्यापीठाची पहिली दोन वर्षं गावातच शिकवायची. पहिल्या तुकडीत सहा विद्यार्थी होते. कॅलिफोर्नियाने १९६० साली, म्हणजे आपला महाराष्ट्र झाला त्याच वर्षी, हीच कल्पना राज्याच्या कायद्यात बसवली. हायस्कूलमधल्या वरच्या आठव्या हिश्श्याला यूसी, वरच्या एक-तृतीयांशाला कॅल स्टेट (राज्याचीच दुसरी विद्यापीठं), आणि शिकायची इच्छा असलेल्या प्रत्येकाला कम्युनिटी कॉलेज. शिवाय खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर जायचा रस्ता उघडा ठेवायचा, आणि तिकडून येणाऱ्यांसाठी यूसीने तिसऱ्या वर्षाला जागा राखायच्या. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. तुमचा मुलगा व्यवस्थेच्या बाहेर पडलेला नाही. या राज्याने मुद्दाम बांधलेल्या रस्त्यानेच तो चाललाय.

आणि तुमच्या यजमानांना तर हे मी समजावून सांगायलाच नको. १९१९ साली काल्यात रयत शिक्षण संस्था सुरू झाली तेव्हा कर्मवीरांनी दारात चाळणी लावली नव्हती. ज्याला कुणी घेत नाही त्याला आधी घ्या, पैसे नसतील तर काम करून शिकू द्या, ‘कमवा आणि शिका’. त्या दारातून आत आलेला एक मुलगा आज फ्रीमाँटमध्ये घर घेऊन राहतोय. ‘कोणीही जाऊ शकतं’ हा ज्या शाळेचा अभिमान होता, तिथे शिकलेल्या माणसाला मुलाच्या बाबतीत त्याचीच लाज वाटावी, हे मला फार लागलं. हे वाक्य त्यांना वाचून दाखवा. रागावले तर माझ्यावर रागावू देत.

सासूबाईंना काय सांगायचं हा प्रश्न मात्र तुम्हाला वाटतो त्याहून सोपा आहे. एक शब्द तेवढा टाळा: इथे जुन्या लोकांच्या तोंडी या कॉलेजांना ‘ज्युनिअर कॉलेज’ म्हणतात, आणि तो शब्द साताऱ्यात पोचला की नातू अकरावीला बसला असंच त्यांना वाटेल. त्याऐवजी म्हणा, “डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला जातात ना, तसं. हा दोन वर्षं घराजवळच्या सरकारी कॉलेजात शिकणार आणि थेट तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जाणार.” डिप्लोमा करून इंजिनिअर झालेलं निदान एक तरी माणूस प्रत्येक मराठी घरात असतं. त्यांना लगेच कळेल.

पुढे काही होतं का, याचं उत्तर दोन भागांत देते, कारण त्यातला एक भाग गोड आहे आणि दुसरा नाही.

गोड भाग आधी. कॅल स्टेटमधून पदवी घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मी मुलं कम्युनिटी कॉलेजातून आलेली असतात. यूसीच्या पदवीवर पहिली दोन वर्षं कुठे केली याचा उल्लेख नसतो. पदवी एकच, रिव्हरसाइडला पहिल्या दिवशी गेलेल्याची आणि ओलोनीहून तिसऱ्या वर्षाला आलेल्याची. पहिल्या दोन वर्षांतलं गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र मोठ्या विद्यापीठांत अनेकदा तीनशे-चारशे मुलांच्या सभागृहात शिकवलं जातं. इथे वर्गात तीस-चाळीस जण असतात, आणि शिकवणाऱ्यावर संशोधनाचा भार नसतो, त्याचं कामच शिकवणं असतं. तुमचे यजमान हार्डवेअरवाले असतील तर त्यांना हेही सांगा, की अ‍ॅपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियाक बर्कलीला जायच्या आधी एक वर्ष क्युपर्टिनोच्या डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात होता. पैशाचा हिशोब तर तुमच्या मुलाने तुमच्या आधीच केला आहे. राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला (म्हणजे एका श्रेयांकाला) ४६ डॉलर. वर्षाची ३० युनिटं धरली तर १,३८० डॉलर, वर थोडी किरकोळ फी आणि पुस्तकं. यूसीची नुसती फीच १४,००० च्या पुढे जाते, राहणं-जेवण धरून तो आकडा चाळीस हजार ओलांडतो. अठरा वर्षांच्या मुलाने हे आईवडिलांसमोर मांडलं. तुम्ही विचारलंत, आमचं कुठे चुकलं. मला तर या ठिकाणी तुमचं फार चांगलं झालेलं दिसतंय.

आता दुसरा भाग. हा तुम्ही मुलाला वाचायला द्या.

कॅलिफोर्नियाच्या स्टेट ऑडिटरने २०२४ साली या सगळ्याची तपासणी केली. ट्रान्सफर घ्यायच्या इराद्याने कम्युनिटी कॉलेजात आलेल्यांपैकी चार वर्षांच्या आत खरोखर ट्रान्सफर झालेले पाचात साधारण एक निघाले. यात नोकरी करून शिकणारे आहेत, लेकुरवाळ्या आया आहेत, आजारी आईवडिलांना सांभाळणारे आहेत, त्यांची तुलना तुमच्या मुलाशी होत नाही. तरीही आकडा आकडा आहे. दार उघडं आहे म्हणजे कुणी हाताला धरून आतून पलीकडे नेऊन सोडत नाही. विद्यापीठात चार वर्षांचा पट्टा असतो, त्यावर उभं राहिलं तरी माणूस थोडं पुढे सरकतं. इथे तो पट्टा नाही. इथे प्रत्येक पाऊल स्वतः टाकावं लागतं.

माझ्या भाच्याचं उदाहरण देते. हुशार मुलगा. पहिल्या सत्रात ‘जे मिळतील ते’ विषय घेतले, कारण नोंदणीला उशीर झाला आणि गणिताचा वर्ग भरला होता. प्रतीक्षायादीवर नाव घालायचा कंटाळा केला. गणित पहिल्या सत्रात नाही म्हणून भौतिकशास्त्र दुसऱ्या सत्रात नाही, ते नाही म्हणून त्याच्या पुढचं तिसऱ्यात नाही. एक वर्ग सुटला आणि साखळीच मागे सरकली. दोन वर्षांचं काम चार वर्षांत झालं. तो शेवटी कॅल स्टेटला गेला, इंजिनिअर झाला, चांगला आहे. पण मधली ती दोन वर्षं त्याला फार एकटं वाटलं, आणि ती टाळता आली असती.

म्हणून तुमच्या मुलाला माझं सांगणं: काय शिकायचं हे ठरलेलं नसलं तरी चालेल, पण गणित पहिल्याच सत्रात घ्यायचं. भूगर्भशास्त्र असो की कॉम्प्युटर, दोन्हीकडे कॅल्क्युलस लागतंच. एपी कॅल्क्युलसला (हायस्कूलमध्येच देता येणारी कॉलेजच्या पातळीची परीक्षा) ४ किंवा ५ मिळाले असतील तर ते गुण आधी कॉलेजला कळवायचे आणि पुढच्या पायरीपासून सुरुवात करायची. त्यासोबत प्रोग्रॅमिंगचा एक वर्ग आणि भूगर्भशास्त्राचा एक वर्ग, प्रयोगशाळेसकट. वर्षाअखेर त्याला स्वतःलाच कळेल की कुठल्या वर्गाला जाताना तो लवकर उठत होता. फ्रीमाँटमधून हेवर्ड फॉल्ट ही भूकंपाची भेग जाते, ओलोनीचं कॉलेज मिशन पीकच्या पायथ्याशी आहे. दगडांचं वेड असलेल्या मुलाला याहून चांगली जागा मला तरी सुचत नाही. आणि हे वेड तुम्ही छंद समजून बाजूला सारू नका. आपल्या दाराखालची जमीन हलते आहे हे ज्याला फुटपाथच्या काठावरून दिसतं, त्याचे डोळे शास्त्रज्ञाचे आहेत.

दुसरं, कॉलेजच्या काउन्सेलरची भेट. ती मागितल्याशिवाय मिळत नाही आणि ऑगस्टमध्ये मागितली तर ऑक्टोबरची मिळते. जूनमध्येच ठरवा. सगळ्या सत्रांचा आराखडा लेखी करून घ्यायचा. ‘असिस्ट’ नावाचं राज्याचं संकेतस्थळ आहे, त्यात डाव्या हाताला विद्यापीठाला हवा असलेला विषय आणि उजव्या हाताला ओलोनीतला त्याच्या जोडीचा विषय अशी यादी दिसते. काउन्सेलरनेही काही सांगितलं तर त्या यादीशी ताडून बघायचं. एकदा ‘सी’ किंवा त्याहून बरी श्रेणी मिळाली की तो विषय सुधारण्यासाठी पुन्हा करता येत नाही, हेही त्याला आधीच माहीत असू दे. म्हणजे पेलवणार नाहीत इतके विषय तो एका सत्रात घेणार नाही.

तिसरं, हमीचा प्रवेश, ज्याला इथे सगळे ‘टॅग’ म्हणतात. यूसीची सहा आवारं ही हमी देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. ठरलेले विषय ठरलेल्या गुणांनी पूर्ण केले की प्रवेश नक्की. बर्कली, यूसीएलए आणि सॅन दिएगो यात नाहीत, तिथे अर्ज करता येतो पण हमी नसते. टॅग एकाच आवारासाठी भरता येतो, आणि तो ज्या शरद ऋतूत जायचं त्याच्या आदल्या सप्टेंबरात, १ ते ३० तारखेत. तोपर्यंत ३० युनिटं झालेली असावी लागतात. म्हणजे त्याला दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच हा अर्ज भरायचाय, पहिलं वर्ष ‘जरा रुळू दे’ म्हणून सोडून देता येणार नाही. पदवीचे काही विषय हमीतून वगळलेले असतात आणि ती यादी आवारागणिक व दरवर्षी बदलते. कॉम्प्युटर आणि इंजिनिअरिंगबाबत विशेष डोळ्यांत तेल घालून बघा. भूगर्भशास्त्राकडे कल ठरला तर डेव्हिस आणि सांता क्रूझ दोन्हीकडे त्या विषयाचे चांगले विभाग आहेत.

आता एच-४. मंडळातल्या गप्पांत हा मुद्दा राहून जातो आणि मग मुलाच्या विसाव्या वाढदिवसानंतर धावाधाव होते. एच-४ वर शिकायला वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. कॅलिफोर्नियात एच-४ वरच्या मुलाला रहिवाशाची फी लागू होऊ शकते, पण कागद द्यावे लागतात, आणि ते नोंदणीच्या आधी द्या. रहिवासी नाही असं एकदा नोंदलं गेलं तर फी कित्येक पट होते आणि दुरुस्तीला वेळ जातो. केंद्र सरकारची शैक्षणिक मदत त्याला मिळणार नाही. पगारी काम करता येणार नाही, कॉलेजच्या ग्रंथालयातलंसुद्धा नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: तो २१ वर्षांचा झाला की एच-४ संपतो. म्हणजे ट्रान्सफर होऊन वर्ष उलटतं न उलटतं तोच हा दिवस येईल. त्याच्या आत ग्रीन कार्ड आलं नाही तर बहुधा एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागेल, आणि तेव्हा फीचं गणितही बदलू शकतं. त्याचं वय कायद्याने कसं मोजलं जाईल, एफ-१ साठी अर्ज कधी करायचा, हे इमिग्रेशनच्या वकिलाला याच उन्हाळ्यात विचारा, दोन वर्षांनी नको. आणि आता एक बघा: शेवटची वर्षं महाग पडण्याची शक्यता असलेल्या घरासाठी पहिली दोन वर्षं १,३८० डॉलरांत होणं म्हणजे केवढी मोठी उसंत आहे. हा हिशोब तुमच्या मुलाने केला होता की नाही कोण जाणे, पण त्याचा निर्णय त्यातही बरोबर निघतो.

घरात काय बदलायचं ते तुम्हाला सांगते, कारण घरी राहून शिकणाऱ्या मुलांचं खरं नुकसान कॉलेजात होत नाही, घरात होतं. बर्कलीला गेलेल्या मुलाला कुणी फोन करून म्हणत नाही, “काकांना एअरपोर्टवरून आणतोस का?” घरी राहणाऱ्याला म्हणतात. धाकटीला नृत्याच्या क्लासला सोड, पटेलच्या दुकानातून कोथिंबीर आण, पाहुणे आलेत, दोन दिवस खोली दे. प्रत्येक काम छोटं असतं. सगळी मिळून गणिताचा पेपर खातात. त्याच्यासाठी एक टेबल आणि एक दार द्या, जे लागलं की लागलं. त्याच्या वर्गांचं वेळापत्रक फ्रिजवर लावा आणि त्या वेळा घरच्यांनीही पाळायच्या. शक्य असेल तर त्याने दिवसभर कॉलेजातच राहावं, वर्ग नसला तरी ग्रंथालयात बसावं, भूगर्भवाल्यांची सहल निघाली तर जावं. वर्ग संपला की गाडीत बसून घर, असं केलं तर दोन वर्षांत एकही मित्र होत नाही. वसतिगृह नाही, रात्री दोनपर्यंतच्या गप्पा नाहीत, हे कमी आहेच, आणि ते खोटं बोलून भरून काढता येत नाही. त्याला त्याचं वाईट वाटलं तर वाटू द्या.

त्याच्या प्राध्यापकांना तुम्ही फोन करायचा नाही. इथल्या कायद्याने कॉलेजातल्या गुणांवर विद्यार्थ्याचा हक्क असतो, त्याच्या लेखी परवानगीशिवाय कॉलेज तुम्हाला सहसा काही सांगत नाही. रोज “आज काय शिकवलं?” पेक्षा महिन्यातून एकदा नीट बसून बोला.

यजमानांसाठी माझ्याकडे एक काम आहे. ते इंजिनिअर आहेत, रकाने त्यांना आवडत असणार. येत्या रविवारी तिघं जेवणाच्या टेबलाशी बसा, लॅपटॉपवर ‘असिस्ट’ उघडा. एका खिडकीत कॉम्प्युटर सायन्स, दुसरीत भूगर्भशास्त्र, दोन्ही डेव्हिसचे. दोन्ही याद्यांत सामाईक असलेले विषय वडिलांनी वेगळे काढायचे. कुठले विषय पहिल्या वर्षी घ्यायचे ते त्या कागदावर आपोआप दिसेल, आणि कॉम्प्युटर की दगड हे भांडण निदान वर्षभर पुढे जाईल. मुलाने ऐकायचं आणि शेवटी निवड त्यानेच करायची. पंधरा दिवसांच्या अबोल्यानंतर ‘सॉरी’ म्हणणं आपल्याकडच्या वडिलांना जड जातं. युनिटं मोजता मोजता बोलणं सुरू करणं जमतं. मी माझ्या घरात हे बघितलं आहे.

राहिले मंडळातले लोक. विचारलं की सांगा, “ओलोनीला जातोय, दोन वर्षांनी यूसीला ट्रान्सफर घेणार.” वाक्य तिथे संपवा. मागे ‘पण’ नको, ‘पैसे वाचतात म्हणून’ नको, रिव्हरसाइडला मिळालं होतं हे तर मुळीच नको. तुम्ही कारण दिलंत की मुलाला ऐकू येतं की कारण द्यावं लागतंय.

आणि सासूबाईंना फोन तुम्ही करू नका, त्याला करू द्या. मराठी मोडकं असलं तरी चालेल. डिप्लोमाची गोष्ट त्याला आधी समजावून द्या, म्हणजे आजीला तो स्वतः सांगेल. मग वाकड्या फुटपाथचा एक फोटो पाठवू दे. १९६७ साली कोयनेला भूकंप झाला तेव्हा त्या तिकडेच असतील, तर जमीन हलते म्हणजे काय होतं हे त्याला आजीइतकं चांगलं कुणी सांगू शकणार नाही.